झाड रंगवू द्या, पण आपले पान कोरे ठेवू नका



डिसेंबर उजाडला की टोरांटो, लंडन, मेलबर्न अशा ठिकाणच्या आपल्या तरुण आईबापांचा एक प्रश्न आमच्याकडे ठरल्याप्रमाणे येतो. मूल चार-पाच वर्षांचे असते. शाळेतून नाताळच्या झाडाचे चित्र रंगवायला घरी आणते. रंगवू द्यावे का? कुणी जरा लाजत विचारते. कुणाचे उत्तर आधीच ठरलेले असते, आम्ही फक्त मान डोलवायची असते. एका आजोबांनी तर नातवाचे पान शाळेत परत पाठवले आणि त्याला चिठ्ठी जोडली की यिर्मयाचा दहावा अध्याय वाचावा.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना आमच्याशी भांडायचे आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. रंगवू द्या. पण त्याच आठवड्यात घरी आपले एक पान मुलापुढे ठेवा. हे दुसरे काम जमणार नसेल, तर पहिल्याबद्दल तक्रार करू नका.

हे मत आम्ही पुस्तके वाचून बनवलेले नाही. कुवेतमधल्या मंगफ गावी एका संध्याकाळी आमच्या हातून जी चूक झाली, तिच्यातून ते बनले आहे.

मंगफ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकले ते १२ जून २०२४ रोजी. तिथे कामगारांच्या एका इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय त्यात गेले. त्याच्या बऱ्याच आधी आम्ही काही वर्षे तिथे नोकरीनिमित्त राहिलो. कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर फहाहीलच्या अलीकडे हा भाग लागतो. भाड्याच्या उंच इमारती, खाली किराणा, हॉटेले आणि मोबाइलची दुकाने. केरळची माणसे इतकी, की पोहे, खोबरे, गूळ, कढीपत्ता यांसाठी कधी अडले नाही. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी असते. ज्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार पाळतात म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडले, त्यांना नोकरी न सोडता, कुणाला कारण न सांगता शब्बाथ पाळता आला तो मंगफमध्ये. याचे आम्हाला तेव्हाही हसू यायचे.

बाकी मात्र गप्प राहणे होते. इस्रायली पासपोर्ट असलेल्याला कुवेतमध्ये प्रवेश नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा पासपोर्ट भारताचा होता आणि आमच्याकडे कुणी वाकडे पाहिले नाही. तरीही अश्दोदच्या आत्याची खुशाली आम्ही विचारायचो ती उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाण्याला आल्यावरच. मिन्यानसाठी दहा माणसे जमण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या समाजाचे आमचे एकच घर आम्हाला माहीत होते. आणखी असतीलही, पण तीही आमच्यासारखीच गप्प असणार.

शिवाय आपली नावे. सॅम्युएल, डेव्हिड, बेंजामिन, रिबेका, आणि पुढे 'कर'. भारतात काय नि बाहेर काय, ऐकणारा क्षणभर विचार करतो आणि 'ख्रिश्चन' असे ठरवून मोकळा होतो. वाचणाऱ्यांपैकी एकाही घराला हा अनुभव नसेल असे आम्हाला वाटत नाही. धाकटीला शाळेत घातले तेव्हा अर्जावर धर्माचा रकाना होता. आम्ही तो कोरा सोडला. आम्हाला वाटले, यात खोटेही नाही आणि अडचणही नाही. पुढे केव्हातरी कागद पाहिला, तर कुणीतरी आमची नावे वाचून तिथे 'ख्रिश्चन' असे भरले होते. आम्ही ते दुरुस्त करून घेतले नाही. कोरा रकाना कोरा राहत नाही, दुसरा कुणी तरी तो भरतो, हे तेव्हाच ध्यानात यायला हवे होते.

मग डिसेंबर आला. नाताळची सुट्टी कुवेतमध्ये सरकारी नाही, पण जवळच अहमदीला १९५६ साली बांधलेले अवर लेडी ऑफ अरेबियाचे चर्च आहे आणि इमारतीतल्या मल्याळी घरांच्या खिडक्यांत कागदी चांदण्या लागल्या होत्या. धाकटीने शाळेतून एक झेरॉक्स आणली. एकावर एक तीन त्रिकोण, खाली बुंधा, अंगावर दहा गोल. गोलांत आकडे घातलेले, एक म्हणजे लाल, दोन म्हणजे पिवळा असे. टोकाला जागा मोकळी सोडली होती आणि शेजारी लिहिले होते, 'इथे तारा काढा'.

बालवाडीच्या बाईंना हे चित्र का आवडते, ते सांगायला हवे, कारण रागाच्या भरात आपण ते विसरतो. लहान मुलाच्या हाताला त्रिकोण सोपा असतो. कड ठळक, आत जागा भरपूर. गोल रंगवताना बोटांची पकड तयार होते, आकडे ओळखता येतात, रंगांची नावे पाठ होतात. झाडाऐवजी पतंग असता तरी बाईंनी हेच करून घेतले असते. कुणाला कुठल्या धर्मात न्यायचे हा विचार त्या कागदामागे नव्हता.

जेवणे आटोपल्यावर सौ.ने वही उघडली आणि आम्हाला हाक मारली. धाकटीने झाड छान हिरवे केले होते, गोल सांगितल्याप्रमाणे रंगवले होते आणि टोकावर सहा टोकांचा निळा तारा काढला होता. ठाण्याच्या आबांनी सुट्टीत तिला तो शिकवला होता. एक त्रिकोण उभा, त्यावर एक उलटा. पाच टोकांचा तारा लहान मुलाला एका दमात काढता येत नाही, हा येतो. तिला जो येत होता तो तिने काढला.

आमच्या पोटात गोळा आला. हा आकार तसा कुणा एकाचा नाही. दिल्लीला हुमायूनच्या कबरीवर तो आहे, मुसलमानी कलाकुसरीत सुलेमानची मोहोर म्हणून आहे, आपल्याकडच्या देवळांत षट्कोन म्हणून आहे. पण त्या वेळी हुमायून कुणाला आठवतो? आम्हाला दिसत होता एका देशाचा झेंडा, आणि नोकरी, व्हिसा, घराचे भाडे. शेजारच्या मुलाचे पान अजून कोरे होते. ते मागून आणले, कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची प्रत काढली आणि झोपाळलेल्या पोरीला पुन्हा बसवले. या वेळी तारा आम्ही तिचा हात धरून काढला, पाच टोकांचा, पिवळा.

ती म्हणाली, "आबांचा तारा वाईट आहे का?"

आम्ही म्हणालो, "वाईट नाही ग. पण शाळेत काढायचा नाही."

"मग घरी काढू?"

आम्ही म्हणालो, "झोप आता."

चूक झाली ती या शेवटच्या दोन शब्दांत. कागद बदलला याचे आम्हाला आजही फारसे वाईट वाटत नाही. भीती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. घर चालवणाऱ्या माणसाने परक्या देशात जपून राहणे यात पाप नाही. पण पोर दार उघडून आत यायला बघत होती आणि आम्ही ते बंद केले. आठवडाभराने बाईंनी तिच्या पानावर चांदणी चिकटवून दिली आणि आईबाबांना नाताळच्या शुभेच्छा सांगायला सांगितले. घरी येऊन ती मोठ्या खुशीत म्हणाली, "आपण ख्रिश्चन आहोत ना?"

बाईंनी चुकीचे काही केले नव्हते. आम्ही जो रकाना सोडला होता, तोच पोरीनेही भरला.

आता त्या झाडाकडे वळू. ते इतके धोक्याचे आहे का? नाताळचे झाड बायबलात नाही, ना आपल्या तनाखमध्ये, ना ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात. ही जर्मन मुलखातली चाल आहे. स्ट्रासबुर्ग शहरात लोक घरात सूचीपर्णी झाड उभे करून त्याला कागदी गुलाब, सफरचंदे लावतात, अशी नोंद १६०५ सालची आहे. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या घरातले झाड १८४८ साली सचित्र साप्ताहिकात छापून आले आणि मग ते साहेबाबरोबर जगभर गेले. आपल्याकडे ते झाड उगवत नाही, म्हणून कित्येक ख्रिस्ती घरांत सुरूची फांदी त्याची जागा घेते. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना सुरूचे बन सांगायला नकोच.

यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात रानातले लाकूड तोडून सोन्यारुप्याने मढवण्याची गोष्ट आहे खरी. पण तिथे कारागीर लाकडाचा देव घडवतो आहे. तो संदेष्टा मूर्तींबद्दल बोलतो आहे, आणि तो होऊन गेला तो स्ट्रासबुर्गच्या झाडाच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी. आजोबांचा आम्ही मान राखतो, पण बालवाडीच्या झेरॉक्सला तो अध्याय लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून काही जण दचकतात. १८९५ च्या २४ डिसेंबरला व्हिएन्नाचे मुख्य रब्बी गुडेमान थिओडोर हर्झलच्या घरी गेले, तेव्हा तो आपल्या मुलांसाठी नाताळच्या झाडावरच्या मेणबत्त्या लावत होता. त्याने स्वतःच रोजनिशीत हे लिहून ठेवले आहे. यहुदी राज्याची कल्पना मांडणारे त्याचे पुस्तक त्यानंतर दोनच महिन्यांनी प्रसिद्ध झाले. झाड होते म्हणून हर्झल यहुदी राहिला नाही, असे म्हणायला कुणी धजणार नाही. आणि झाड नव्हते म्हणून कुणी यहुदी राहिला, असेही होत नाही.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा धीट होते. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला समाजाचा इतिहास उघडा आणि जुन्या सणांची नावे वाचा. पुरीमला आपली माणसे म्हणत होळीचा सण. एलुल महिन्यातल्या उपासांना रमजान. तू बिशवातला एलियाहू हन्नाबीचा उरूस. प्रार्थनेच्या घराला तर कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही मशीद हाच शब्द आहे. १७९६ साली मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेल्या शार हारहमीमला सगळे जुनी मशीद म्हणत आले. होळी शेजाऱ्याची, रमजान शेजाऱ्याचा, उरूस आणि मशीदही शेजाऱ्याची. म्हणून कुणी होळी पेटवून पुरीम विसरले नाही आणि एलुल महिनाही कुणी चुकवला नाही. नाव उधार आणले, दिवस आपलाच राहिला.

शाळांचेही तेच. अमेरिकन मिशनच्या मराठी शाळांत आपली मुले शिकली, आपले काही लोक तिथे मास्तरही झाले. १८२९ साली मुंबईत आलेल्या डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्याचा हेतू लपलेला नव्हता. बेने इस्राएल ख्रिस्ती व्हावेत, अशी त्याची मनापासून इच्छा होती. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले, बायबलचे मराठी भाषांतर घेतले, इंग्रजी घेतले आणि बाकीचे नम्रपणे परत केले. धर्मांतरे अगदी बोटांवर मोजण्याइतकी झाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची अनेक पुस्तके मराठीत आणली. १८७५ मध्ये केहीमकरांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. मिशनच्या शाळेत जायला त्या पिढीने मुलांना मनाई केली नाही. तिने आपली शाळा काढली.

इथे वाचक विचारतील की ते लोक कशाच्या जोरावर इतके निर्धास्त होते? आमचे उत्तर असे की त्यांच्या घरात पाने भरलेली होती. हनुका त्यांना फार उशिरा, बाहेरून आलेल्या शिक्षकांकडून कळला, कारण आपल्या परंपरेप्रमाणे तो सण सुरू होण्याआधीच आपले पूर्वज निघाले होते. तोरा वाचायला येत नव्हता, मिन्यानचे नियम माहीत नव्हते. पण शेमा पाठ होता, शनिवारी घाणा बंद होता, मुलाची सुंता आठव्या दिवशी होत होती, आणि नवस फेडायला मलिद्याचे ताट होते. चार वर्षांच्या पोरालाही घरातल्या घरात दिसेल, हाताला लागेल, तोंडात पडेल असे काहीतरी होते. आज आपल्याकडे छापील सिद्दूर आहेत, इंटरनेटवर तोरा आहे, आणि पोराच्या हाताला लागेल असे काही नाही. म्हणून एका झेरॉक्सची भीती वाटते.

मंगफमधल्या त्या डिसेंबरनंतर आम्ही आणि सौ. पुष्कळ बोललो. बाहेर गप्प राहावे लागते, तर घरात दुप्पट बोलायला हवे, एवढे ठरले. कुवेतमध्ये यहुदी नाव नवे नाही. सालेह आणि दाऊद हे अल-कुवैती बंधू, एक १९०८ चा आणि दुसरा १९१० चा, तिथेच इराकी यहुदी घरात जन्मले. पुढे इराकमध्ये त्यांनी केलेल्या चाली अरब जगात घरोघर पोचल्या, १९५१ मध्ये ते इस्रायलला गेले, पण आडनावात कुवेत शेवटपर्यंत राहिले. आमच्या शेजाऱ्यांना हे सांगण्याचे धाडस आम्हाला नव्हते. पोरीला सांगायला कुणाची बंदी होती?

सगळ्यात आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते. आम्ही तिला म्हणालो, "घरी आम्ही तुला बाय म्हणतो. शाळेत कुणी म्हणते का?" ती म्हणाली, "नाही." "ते नाव वाईट आहे का?" "नाही, ते घरचे आहे." "तसाच आबांचा तारा. तो घरचा आहे. घरी हवा तेवढा काढ." तिला ते पटले. ज्या गोष्टीसाठी आम्ही दोन महिने शब्द शोधत होतो, ती तिला दोन मिनिटांत कळली. फ्रिजवर पुढचे कित्येक महिने निळे तारे होते. कुणी पाहुणा आला की सौ. ते काढून कपाटात ठेवायची आणि पाहुणा गेला की पोर स्वतः परत लावायची. हे काही आदर्श जगणे नव्हे, आम्हाला ठाऊक आहे. पण तारा वाईट आहे असे तिला पुन्हा कधी वाटले नाही.

मग शेवाट महिन्याची पंधरावी आली. जानेवारी-फेब्रुवारीत कुवेतची हवा फार छान असते. तू बिशवात म्हणजे झाडांचे नवे वर्ष. जगभरच्या यहुद्यांना ते तेवढेच आहे. आपल्याला त्यात एलियाहू हन्नाबी अधिक आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर ज्याच्या घोड्यांच्या आणि रथाच्या खुणा आपण दाखवतो, तो एलियाहू हन्नाबीचा टापा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिला असेल. ज्या समाजाच्या स्वतःच्या पंचांगात झाडाचा एक पूर्ण सण आहे आणि त्या दिवशी जायची एक जागा आहे, त्याने दुसऱ्याच्या झाडाला का भ्यावे?

आम्हाला चित्रकला येत नाही. तरी एका कोऱ्या कागदावर स्केचपेनने दोन झाडे काढली. एक खजूर, कारण ती मंगफच्या रस्त्यावर खिडकीतून दिसते. एक माड, कारण तो आबांच्या गावचा. खजुराच्या झावळ्या आणि माडाच्या झावळ्या आमच्या हाताने एकसारख्याच झाल्या, हे पोरीने लगेच दाखवून दिले. खाली ताट काढले आणि ताटात पाच गोल, पाच फळांचे. आकडे घातले. एक म्हणजे तपकिरी, खजूर. दोन म्हणजे पिवळे, केळे. तीन म्हणजे लाल, डाळिंब. चार सफरचंद, पाच संत्रे. बालवाडीच्या बाईंचीच युक्ती, त्यांना श्रेय द्यायला हवे. पोर रंगवत असताना सौ.ने पोहे भिजवले, गूळ किसला, खोबरे खवले, वेलची घातली. एलियाहू हन्नाबीचे गाणे आम्ही हळू आवाजात म्हटले, कारण भिंती पातळ होत्या. मग पोरीने कागदावरचे फळ आणि ताटातले फळ जुळवून पाहिले आणि खाल्ले.

खालच्या मजल्यावरच्या मल्याळी घरी तिने वाटीभर मलिदा नेऊन दिला. त्यांनी नाताळचा केक दिला होता, वाटी परत रिकामी कशी पाठवायची? हे काय आहे असे त्यांनी विचारले. पोर म्हणाली, "आमच्या झाडाचा वाढदिवस आहे." त्यांनी पुढे काही विचारले नाही आणि मलिदा आवडीने खाल्ला.

आता आमच्याशी न पटणाऱ्यांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा आजोबांचा. आज कागदावर झाड, उद्या दिवाणखान्यात झाड, परवा चर्च. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. शेजाऱ्याच्या घरचे झाड पाहणे, त्याचे चित्र रंगवणे आणि त्याचा केक खाणे हे पाहुण्याचे काम आहे. आपल्या घरात झाड उभे करणे हे यजमानाचे काम आहे. शेजारच्या लग्नात आपण जेवून येतो, मंडप आपल्या दारी आणत नाही. अमेरिकेत काही यहुदी घरे झाड आणतात आणि त्याला हनुकाचे झुडूप असे नाव देतात. ज्याचे त्याने ठरवावे, पण आम्हाला ते पसंत नाही. पूर्वजांनी शेजाऱ्याचे नाव घेतले आणि दिवस आपला ठेवला. इथे नाव आपले ठेवून दिवस शेजाऱ्याचा घेतला जातो. हा व्यवहार उलटा आहे.

दुसरा मुद्दा तरुण आईबापांचा. वेळ कुठे आहे? दोघे नोकरीला, मूल डे-केअरला, सिनेगॉग तासभर दूर. मंडळी, आमच्याकडे सिनेगॉगही नव्हते आणि उघडपणे नाव घ्यायचीही सोय नव्हती. तुम्हाला मात्र खिडकीत हनुकिया ठेवता येतो. अलीकडे लंडन-टोरांटोलाही काही घरांनी गळ्यातला तारा सदऱ्याच्या आत घातला आहे, असे आपले लोक आम्हाला कळवतात. ते वाचून वाईट वाटते आणि मंगफचा फ्रिज आठवतो. अशा वेळी तर घरातले पान अधिकच हवे. वेळ लागतो तो एक कागद, एक स्केचपेन आणि अर्धा तास.

वर्षाला चार पाने पुरतात. नव्या सणाला डाळिंब आणि मध. हनुकाला नऊ दिवे, ज्यात आठ अधिक एक हे गणितही होते. तू बिशवातला झाड आणि मलिद्याचे ताट. पेसाहला मात्झा आणि चार पेले. चित्र चांगले यायची गरज नाही. आमचा माड खजुरासारखा झाला होता, पोरीला चालला. चित्रावर नावे मराठीत लिहा. कॅनडात जन्मलेल्या पोराला मराठी वाचता येणार नाही, पण 'मलिदा' या शब्दाचा आकार डोळ्यांना ओळखीचा होईल. बाजारात मिळणारी यहुदी चित्रांची पुस्तके चांगली असतात, जरूर घ्या. पण त्यांत बेगल असेल, लाटके असेल, मलिदा नसेल. आपल्या ताटाचे चित्र आपल्यालाच काढावे लागणार आहे.

शाळेलाही काही सांगण्यासारखे असेल तर सांगा, पण चिडून नको. पान परत पाठवले की मूल वर्गात एकटे बसते आणि शिक्षा त्याला होते, आपल्याला नाही. त्यापेक्षा आपले एक पान बाईंकडे पाठवा. जिथे तशी मोकळीक आहे, तिथे बहुतेक शिक्षिका आनंदाने त्याच्या प्रती काढतील. लंडनच्या एखाद्या वर्गातल्या पंचवीस मुलांनी कोकणातला माड रंगवला तर बिघडले काय?

धाकटी आता मोठी झाली आहे. ठाण्याला घर आवरताना आबांच्या तेफिलाच्या पुस्तकात घडी घातलेला एक कागद सापडला. सहा टोकांच्या ताऱ्याचे ते पहिले झाड. त्या रात्री आम्ही ते फाडून टाकले असे आम्हाला वाटत होते. सौ.ने ते जपले होते आणि पुढच्या सुट्टीत आबांना आणून दिले होते, आम्हाला न सांगता. पोरीने ते पाहिले आणि म्हणाली, "हिरवा रंग बाहेर गेलाय." आम्ही ते परत पुस्तकात ठेवून दिले.

यंदा तू बिशवातला आपल्या घरी एक पान काढा. आणि तुमच्या आजीच्या मलिद्याच्या ताटात कोणती पाच फळे असत, ते आम्हाला जरूर कळवा. अलिबागकडचे ताट, पेणकडचे ताट आणि ठाण्याचे ताट यांत फरक असणार. पुढच्या वेळी चित्र काढताना ते उपयोगी पडेल.